कार्डाचं पेमेंट कसं घ्यावं, वेबसाइट नाई आपली

वरूडवाला: घरीच संत्रा बर्फी बनवतो, ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येतात. आतापर्यंत क्यूआर पाठवला का झालं, पण आता पुण्याचे एक साहेब म्हणतात क्रेडिट कार्डच चालवा, दिवाळीचे 40 डबे हायेत. स्वाइप मशीन घेऊ का?

अकोटची वहिनी: मशीन कायले भाऊ, गिऱ्हाईक पुण्यात अन मशीन तुमच्या ओट्यावर! पेमेंट लिंक काढा, ती व्हॉट्सॲपवर पाठवली का गिऱ्हाईक उघडून कार्डानं पैसे भरते. रेझरपे, कॅशफ्री अशा ऑनलाइन पेमेंटच्या कंपन्यांपैकी कोणाचीही, वेबसाइट नसली तरी चालते, पॅन अन बँक खातं लागते. फी साधारण 2 टक्के, वरून त्या फीवर 18 टक्के जीएसटी, म्हणजे हजारामागं 23 रुपये 60 पैसे गेले समजा.

दर्यापूरकर: अन पैसे लगेच खात्यात नाई येत बावा, कामाचे दोन-तीन दिवस धरा. मी खव्यावाल्याले शुक्रवारचा शब्द देऊन बसलो, मधात शनिवार-रविवार आला, त्याच्या गल्लीतून जाणंच बंद केलं होतं.

वरूडवाला: फी गिऱ्हाइकाकडून वेगळी मागू का मग?

अकोटची वहिनी: नका मागू, लोकं किटकिट करतात, भावातच धरा. अन किलो-अर्ध्या किलोच्या ऑर्डरीले क्यूआरच राहू द्या, बँक खात्यातून केलेल्या यूपीआयवर 2020 पासून दुकानदाराले एमडीआर, म्हणजे पेमेंट घ्यायची फी, शून्य हाये. बर्फी अकोटले पाठवता का?