नॉरफोक अँड वेस्टर्न: वाफेचं इंजिन मेलं की मारलं?

कोळसेवाला (धागाकर्ता)
अमेरिकेत वाफेची इंजिनं का गेली, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: डिझेल स्वस्त पडलं. नॉरफोक अँड वेस्टर्न या रेल्वे कंपनीच्या बाबतीत मला ते पटत नाही. व्हर्जिनियातल्या रोआनोकच्या कारखान्यात ही कंपनी आपली इंजिनं स्वतः बांधायची. अल्को या इंजिनं बनवणाऱ्या कंपनीनं शेवटचं वाफेचं इंजिन १९४८ मध्येच बांधलं होतं. रोआनोकचं शेवटचं, शंटिंगचं २४४ नंबरचं, बाहेर पडलं डिसेंबर १९५३ मध्ये! त्याआधी १९५२ मध्ये कंपनीनं आपली इंजिनं डिझेलशी भिडवली होती, तेव्हा जवळपास बरोबरी झाली. मग १९५८ मध्ये स्टुअर्ट सॉन्डर्स अध्यक्ष झाले आणि मे १९६० पर्यंत सगळ्या भट्ट्या विझल्या. ६११ नंबरचं 'जे' (J) वर्गाचं देखणं इंजिन १९५० चं, म्हणजे उणंपुरं नऊ-दहा वर्षांचं. याला मारणं नाही तर काय म्हणायचं?

हिशेबनीस
असहमत. बरोबरी झाली खरी, पण वाफेची इंजिनं चाचणीसाठी खास सुधारून उतरवली होती. शिवाय वाफेच्या प्रत्येक इंजिनाला स्वतंत्र ड्रायव्हर-फायरमन लागतात. डिझेलची चार युनिटं जोडा, एकच जोडी सगळी चालवते. राख काढा, पाणी भरा, बॉयलर धुवा, यातलं काही नाही. सांता फे रेल्वेनं वाळवंटात डिझेल आधी आणलं ते पाण्याच्याच कटकटीपायी.

कोळसेवाला
हिशेबनीसराव, सांता फेचं वाळवंट वेगळं. नॉरफोकच्या तर दारातच कोळसा, आणि तोच वाहून नेणं हा त्यांचा धंदा. गिऱ्हाइकाचा माल जाळायचा सोडून तेल विकत घ्यायचं?

घाटमाथा
दोघांचंही अर्धंच बरोबर. ल्युब्रिकेटरपासून (वंगण देणारं यंत्र) फीड पंपापर्यंत (बॉयलरला पाणी पुरवणारा) किती भाग बाहेरून यायचे. देशभरात गिऱ्हाईकच उरलं नाही तर ते बनवणारे कारखाने कशाला चालू ठेवतील? एकट्या रोआनोकला ते सगळं घरी बनवणं परवडलं नसतं. म्हणजे नॉरफोकच्या वाफेला बाकीच्या रेल्वेंनी मारलं म्हणा हवं तर.

हिशेबनीस
आणि प्रयत्न केले नाहीत असंही नाही. १९५४ मध्ये 'जॉन हेन्री' हे कोळशावर चालणारं टर्बाइन-इलेक्ट्रिक इंजिन आणलं: वाफेनं टर्बाइन फिरवायचं, त्यातून वीज, विजेवर चाकं. कोळशाची भुकटी आणि पाणी विजेच्या सामानात शिरायचं. एकच बांधलं, काही वर्षांत भंगारात. (नावाची गंमत बघा: जॉन हेन्री म्हणजे लोककथेतला तो घणवाला, वाफेच्या ड्रिलशी पैज लावून जिंकला आणि तिथंच मेला. हे नाव कुणाला सुचलं कोण जाणे.)

भुसावळकर
थोडं अवांतर. आपल्याकडच्या डब्ल्यूपी या वाफेच्या इंजिनाची पहिली खेप १९४७ ची, अमेरिकेतल्या बाल्डविन कंपनीची. पुढं १९६२ पासून डब्ल्यूडीएम-२ हे डिझेल इंजिन आलं ते अल्कोचं. दोघांनीही आधी वाफेवर नाव कमावलं होतं. पण बाल्डविन आधीच थांबली आणि अल्कोनंही १९६९ मध्ये इंजिनं बांधणं बंद केलं. डिझेल जिंकलं म्हणून डिझेलवाले सगळे तरले असं नाही, डिझेल इंजिनं बनवणाऱ्या जनरल मोटर्सनं त्यांनाही आवळलं. बाकी चालू द्या.

कोळसेवाला
+१, हे लक्षात आलं नव्हतं. सुट्या भागांचा मुद्दाही मान्य. पण ६११ तेव्हाच का काढलं? आयुष्य संपेपर्यंत चालवता आलं असतं.

हिशेबनीस
दोन तऱ्हेची शेडं, दोन तऱ्हेचे मिस्त्री, दोन तऱ्हेचं सामान पोसत? इंजिन नवं आहे म्हणून?

कोळसेवाला
मग तेच ६११ १९८२ मध्ये पुन्हा धावलंच की.

हिशेबनीस
धावलं, हौशी प्रवाशांना घेऊन. कोळशाची मालगाडी ओढायला नाही.