मदत हवी आहे: ६० सेंटीमीटरच्या काचपेटीत वनस्पतींचे पॅलुडेरियम, जमीन आणि पाणी वेगळे कसे ठेवावे?

नमस्कार. घरात ६० × ३० × ३६ सेंटीमीटर मापाचे एक रिकामे ॲक्वेरियम आहे आणि त्यात पॅलुडेरियम करण्याचा विचार आहे. म्हणजे खाली पाणी, आणि त्याच्यावर दमट हवेत वाढणाऱ्या वनस्पतींची जमीन. बांधणीला अजून हात लावलेला नाही. सिलिकॉन एकदा पक्के झाले की ते काढणे जिकिरीचे असते, म्हणून आराखडा आधी जाणकारांसमोर मांडतो आहे.

पेटी काठोकाठ भरली तर तिच्यात सुमारे ६५ लिटर पाणी मावते, पण मला पाण्याची खोली फक्त १२ सेंटीमीटर ठेवायची आहे. तसे केल्यास वर २४ सेंटीमीटर उंची उरते, आणि त्यातच जमिनीची जाडी, झाडांची वाढ आणि झाकणाखालची मोकळी हवा हे सगळे बसवावे लागेल. मोठ्या पेटीत जी चूक खपून जाते, ती एवढ्या लहान पेटीत खपणार नाही असे वाटते. माझी खरी अडचण सजावटीची नसून मुळांची आहे: जमिनीवरील झाडांची मुळे ओलसर राहावीत पण पाण्यात बुडू नयेत, हे कसे साधायचे?

तीन मांडण्यांचा विचार केला आहे. पहिली म्हणजे काचेची उभी पट्टी आडवी चिकटवून एका बाजूला माती आणि दुसऱ्या बाजूला पाणी ठेवणे. पट्टीवर येणाऱ्या दाबाची मला भीती वाटत नाही, कारण १२ सेंटीमीटर खोल पाणी ३० सेंटीमीटर रुंद पट्टीवर जेमतेम दोन किलोंएवढा जोर देते. अडचण वेगळीच आहे. फवारणीचे पाणी मातीच्या बाजूला साचत जाईल आणि त्याला बाहेर पडायला वाटच नसेल. तळाची माती प्राणवायूवाचून कुजली की सडक्या अंड्यांसारखा वास येऊ लागतो आणि मग झाडे वाचवणे कठीण होते. शिवाय जमिनीला लांबीचे ४० टक्के दिले तर पाणी फक्त १३ लिटर उरते.

दुसरी मांडणी उताराची: मागे उंच आणि पुढे सखल असा खडीचा ढीग रचून त्यावर माती पसरणे. ती दिसायला सर्वांत नैसर्गिक आहे, परंतु बारीक कणांची माती पाण्याला टेकली की केशाकर्षणाने ओल वर खेचते आणि पाण्याच्या पातळीच्या वरची मातीही चिखलासारखी होते. त्याखेरीज माती हळूहळू खाली घसरून पाणी गढूळ करील, ही शंका आहेच.

तिसरी मांडणी म्हणजे प्लास्टिकच्या जाळीचा फलाट पायांवर उभा करून त्याखालून पाणी मोकळे फिरू देणे. यात तळाचे संपूर्ण क्षेत्र पाण्यालाच मिळते. माझा कल याच मांडणीकडे आहे, पण तिचे बारकावे मला ठाऊक नाहीत. फलाट पाण्याच्या पातळीपासून किती उंच असावा? त्यावर मातीचा थर किती जाड द्यावा? मागच्या काचेवर फुगणाऱ्या फोमची भिंत करून तिच्यावरून पाणी झिरपवायचे असेल तर फोम पाण्याखालीही न्यावा का?

वनस्पतींची यादी अशी आहे: पाण्यात ॲनुबियास नाना आणि क्रिप्टोकोरिन, पाण्याच्या काठावरील लाकडावर ब्युसिफॅलँड्रा आणि जावा फर्न, भिंतीवर जावा मॉस आणि फायकस प्युमिला, तर जमिनीवर फिटोनिया आणि सेलाजिनेला. माशांचा विचार नाही. पुढे सर्व स्थिर झाल्यावर निओकॅरिडिना जातीची लहान कोळंबी सोडावी असे वाटते. या यादीत कोणते झाड अशा पेटीत टिकणार नाही, हेही कृपया सांगावे.

प्रतिसाद

आपला कल योग्य आहे. एवढ्या मापात तिसरीच मांडणी करावी, आणि ती केवळ निचऱ्यासाठी नव्हे. पाणी जितके कमी, तितके त्याचे तापमान आणि रसायन लवकर बदलते. त्यामुळे फलाटाखालचे पाणी न दिसणारे असले तरी ते पेटीला स्थैर्य देते. दगड आणि लाकूड धरूनही आपल्याकडे १७-१८ लिटर पाणी राहील, आणि १३ लिटरांच्या तुलनेत हा फरक मोठा आहे.

फलाटाची जाळी पाण्याच्या पातळीपेक्षा किमान दोन ते तीन सेंटीमीटर वर असावी. तिच्यावर बारीक छिद्रांचे नायलॉनचे कापड अंथरावे, त्यावर भाजलेल्या मातीच्या सच्छिद्र गोळ्यांचा पातळ थर द्यावा आणि मग चार-पाच सेंटीमीटर माती पसरावी. यातली हवेची फट हीच संपूर्ण रचनेची किल्ली आहे. माती किंवा कापडाचे टोक कुठेही पाण्याला टेकता कामा नये. एक टोक जरी खाली लोंबले तरी ते वातीसारखे काम करते आणि आपण टाळू पाहत असलेला चिखल तिथूनच सुरू होतो. कुंडीतली नेहमीची बागेची माती वापरू नये, ती घट्ट बसते. कोकोपीट, बारीक केलेली झाडाची साल आणि थोडा कोळसा यांचे भुसभुशीत मिश्रण अधिक चांगले.

खरे तर माझा आग्रह असा राहील की जमिनीचे क्षेत्र शक्य तितके लहान ठेवावे आणि बहुतेक वनस्पतींना मातीवाचूनच वाढू द्यावे. आपल्या यादीतील ॲनुबियास, ब्युसिफॅलँड्रा आणि जावा फर्न यांचे जाड आडवे खोड मातीत पुरले तर कुजते. त्यांना लाकडावर किंवा दगडावर दोऱ्याने बांधावे किंवा सायनोॲक्रिलेट जेलने (झटपट चिकटणाऱ्या घट्ट गोंदाने) चिकटवावे. ब्युसिफॅलँड्रा ही बोर्निओतील ओढ्यांच्या खडकांवर वाढणारी वनस्पती आहे. ओढ्याचे पाणी चढते-उतरते, त्यामुळे ती कधी पाण्याखाली तर कधी उघड्यावर असते. पॅलुडेरियमच्या काठासाठी याहून जुळणारे झाड मिळणे कठीण.

फोमविषयी: तो पाण्याखाली नेऊ नये. फोम अतिशय हलका असतो, आणि एक लिटर आकारमानाचा फोम पाण्यात बुडवला तर तो जवळजवळ एक किलोच्या जोराने वर उसळू पाहतो. गुळगुळीत काचेवर त्याची पकड मुळातच बेताची असते, त्यामुळे भिंत काही महिन्यांनी सुटण्याचा धोका राहतो. भिंत पाण्याच्या पातळीच्या वरच थांबवावी आणि खालचा भाग लाव्हा खडकाने झाकावा. फोमवर बुरशीनाशक नसलेल्या सिलिकॉनचा थर देऊन तो ओला असतानाच कोरडे कोकोपीट दाबून बसवावे. व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत पाणी भरू नये. जाड थराला त्यासाठी तीन दिवस किंवा अधिकही लागतात.

आता यादीतील शंका. फायकस प्युमिला टिकेल, किंबहुना गरजेपेक्षा जास्त टिकेल: ती एकदा भिंतीला चिकटली की मॉसला झाकून टाकते, म्हणून नियमित छाटणीची तयारी असेल तरच लावावी. फिटोनिया दमट हवेत उत्तम वाढते, पण मुळांशी पाणी साचलेले तिला सोसत नाही. तिची जागा फलाटाच्या सर्वांत उंच भागात. क्रिप्टोकोरिनची पाने पाण्यात लावल्यावर विरघळू लागली तर घाबरू नये. रोपवाटिकेत ही झाडे बहुधा पाण्याबाहेर वाढवलेली असतात, आणि हवेत तयार झालेली पाने पाण्यात निकामी होऊन नवी पाने फुटतात. मूळ उपटू नये.

कोळंबीबाबत मात्र घाई अजिबात नको. पाण्यातील अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जीवाणू स्थिरावण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि चाचणीत अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य आल्याखेरीज कोणताही जीव सोडू नये. दुसरा धोका सहसा कोणी सांगत नाही: जमिनीवरील झाडे शोभेच्या रोपवाटिकेतून आणलेली असतील तर त्यांच्यावर कीटकनाशक मारलेले असू शकते, आणि फवारणीचे पाणी शेवटी खालच्या पाण्यातच उतरते. कोळंबी आणि कीटक हे दोघेही संधिपाद प्राणी आहेत, त्यामुळे माशाला न बाधणारी मात्राही कोळंबीला मारू शकते. मुळांची जुनी माती पूर्ण धुऊन, रोपे काही आठवडे वेगळी ठेवून मगच पेटीत लावावीत. तांबे असलेल्या खतांपासूनही कोळंबीला जपावे.

धागाकर्त्याचे उत्तर

इतक्या सविस्तर उत्तरासाठी मनापासून आभार. फोम पाण्याच्या वरच थांबवीन आणि फायकस सध्या वगळून भिंत पूर्णपणे मॉसला देईन. दोन प्रश्न उरले आहेत. भिंतीवरून पाणी झिरपवण्यासाठी केवढा पंप पुरेसा होईल आणि तो कुठे ठेवावा? तसेच झाकण पूर्ण बंद ठेवले तर पुढची काच सतत धुकट होईल, आणि उघडे ठेवले तर मॉस वाळेल. यातून मधला मार्ग कोणता?

प्रतिसाद

ताशी २०० ते ३०० लिटरचा लहान पंप पुरेसा आहे. पंपावर लिहिलेला प्रवाह शून्य उंचीसाठी असतो, पाणी वर चढवताना तो कमी होतो; तरीही एवढा प्रवाह मॉसला जास्तच पडेल. म्हणून नळीला टी-जोड आणि लहान व्हॉल्व्ह लावून थोडेच पाणी भिंतीवर सोडावे आणि उरलेले फलाटाखाली फिरवावे, म्हणजे तिथले पाणी साचून राहणार नाही. पंपाच्या तोंडाला स्पंज बसवावा, नाहीतर कोळंबीची पिल्ले आत ओढली जातील. पंप फलाटाखाली कायमचा गाडू नका. कोपऱ्यात फलाटाला उचलता येईल असा तुकडा ठेवा, म्हणजे स्पंज धुण्यासाठी पंप बाहेर काढताना जमीन उकरावी लागणार नाही. वायर बाहेर आल्यावर प्लगच्या पातळीखाली लोंबेल असा तिला वळसा द्यावा, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी प्लगपर्यंत न जाता खालीच गळेल.

झाकणासाठी काच वापरावी, पण पुढच्या बाजूला एक-दोन सेंटीमीटरची फट संपूर्ण लांबीभर सोडावी. तिथून हवा खेळती राहिली की पुढची काच बरीच स्वच्छ राहते, आणि भिंत सतत ओली असल्याने मॉसला या फटीचा त्रास होत नाही. लाकडावर सुरुवातीला पांढरी बुरशी दिसेल. ती बहुधा आपोआप ओसरते, आणि मातीत स्प्रिंगटेल (कीटकांसारखे अगदी बारीक जीव) सोडले तर ते ती खाऊन टाकतात. फटीतून होणाऱ्या बाष्पीभवनाची भरपाई आरओच्या किंवा ऊर्ध्वपातित पाण्याने करावी. क्षार वाफेबरोबर जात नाहीत, त्यामुळे नळाचे कठीण पाणी पुन्हा पुन्हा घालत राहिल्यास खालच्या पाण्याची कठीणता वाढत जाते आणि मॉसवर पांढरे डाग पडतात. मात्र नेहमीच्या पाणीबदलासाठी निव्वळ आरओचे पाणी वापरू नये, कारण कोळंबीला कात टाकण्यासाठी पाण्यात कॅल्शियम लागते.

दिवा सुरुवातीला दिवसाला सहा ते सात तासच टायमरवर ठेवावा आणि वरच्या झाडांनी जोर धरल्यावर तो आठ तासांपर्यंत न्यावा. त्याआधी प्रकाश वाढवला तर मॉस लागण्यापूर्वीच शेवाळ भिंत व्यापून टाकेल.