वजन उतरवायचं पॅकेज: पैसे वसूल होतात का?

काठावरचा:
वय ४१, पुरुष, उंची १६८ सेंमी, वजन ९२ किलो. समोर एक पॅकेज आहे. १२ आठवडे, रोज दोन शेक आणि एक जेवण, आठवड्यातून एकदा वजन आणि पंधरा मिनिटं सल्लागाराशी बोलणं, सोबत ॲप. चरबी मोजणाऱ्या मशीनवरची तपासणी 'फुकट'. दावा १२ आठवड्यांत १० किलोंचा. वर्षाचे पैसे एकदम भरले तर घसघशीत सूट.
हा आकडा खरा असू शकतो का? वर्षानंतर त्यातलं किती टिकतं? आणि यातल्या नेमक्या कशाला पैसे मोजावेत? 'मनावर घेतलं की सगळं होतं' हे माहीत आहे, ते सोडून सांगा.

आकडेमोड:
आधी दावा तपासू. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी. १० किलोंचे ७७,००० झाले, ८४ दिवसांत विभागले की रोजची तूट ९१७. तुमचं वय, उंची, वजन मिफ्लिन-सेंट जिओर सूत्रात घातलं तर पडून राहिलात तरी १७७० लागतात. बैठं काम धरून गुणिले १.४, म्हणजे साधारण २४८०. तेव्हा रोज १५५०-१५६० वर ८४ दिवस काढले तर १० किलो कागदावर बसतात. खोटं नाही, पण एकही दिवस न चुकता.
चुकतं कुठे ते बघा. सोमवार ते शुक्रवार ९०० ची तूट, म्हणजे ४५००. शनिवार-रविवारी रोज ८०० जास्त गेले, १६०० वजा. उरले २९००. आठवड्याला ०.८२ किलो उतरायचं तिथे ०.३८ उतरलं. पाच दिवस काटेकोर वागलेला माणूस मग म्हणतो की माझं मेटाबॉलिझमच मंद आहे.
दुसरं, पहिल्या आठवड्याचा आकडा. यकृतात आणि स्नायूंत मिळून ४००-५०० ग्रॅम ग्लायकोजेन (साठवून ठेवलेली साखर) असतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅममागे सुमारे ३ ग्रॅम पाणी. खाणं एकदम कमी केलं की हा साठा रिकामा होतो. ४५० ग्रॅम आणि १३५० ग्रॅम पाणी, झाले १.८ किलो, आणि यात चरबी जवळजवळ नाहीच. 'पहिल्या आठवड्यात २ किलो' अशी जाहिरात करायला यासारखं सोपं काही नाही, कारण हे कोणत्याही डाएटवर होतं. चार दिवस नेहमीसारखं खाल्लं की परतही येतं.

पोटतिडीक:
चाचण्यांचे आकडे देतो. २०११ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेली चाचणी: ऑस्ट्रेलिया, जर्मनी आणि ब्रिटनमधले ७७२ लोक, निम्मे वेट वॉचर्स या वजन उतरवायच्या व्यावसायिक कार्यक्रमाकडे, निम्मे डॉक्टरांच्या नेहमीच्या सल्ल्यावर. वर्षानंतर ५.०६ किलो विरुद्ध २.२५. फरक २.८. आता त्याच चाचणीत शेवटपर्यंत टिकलेल्यांचाच हिशोब घेतला तर ६.६५ विरुद्ध ३.२६. कार्यक्रमात टिकले होते ६१ टक्के. जाहिरातीत तुम्हाला दिसतो तो नेहमी हा दुसऱ्या प्रकारचा आकडा. सोडून गेलेल्यांचे फोटो कोण छापणार?
आणि त्या चाचणीत सदस्यत्व फुकट होतं. पदरचे पैसे भरून लोक जास्त टिकतात की कमी, हे त्यातून कळत नाही.
दुसरी, २०१७ ची, ब्रिटनमधली, १२६७ लोकांची. तीन गट: नुसती माहितीपुस्तिका, १२ आठवडे कार्यक्रम, ५२ आठवडे कार्यक्रम. वर्षानंतर अनुक्रमे ३.२६, ४.७५ आणि ६.७६ किलो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं इथेच आहे. पुस्तिकेपेक्षा १२ आठवड्यांचा फायदा दीड किलो, वर्षभराच्या कार्यक्रमाचा साडेतीन. म्हणजे तीन महिन्यांचं पॅकेज घेऊन थांबणं हा त्यातल्या त्यात वाईट सौदा. पैसे घालायचेच तर लांबीला घाला, शेकच्या चवींना नको.
बाकी कोणतं डाएट, लो-कार्ब की लो-फॅट, यावर डोकेफोड करू नका. २०१८ च्या डाएटफिट्स चाचणीत ६०९ लोक होते. वर्षानंतर लो-फॅटवाल्यांचे ५.३ आणि लो-कार्बवाल्यांचे ६.० किलो उतरले, फरक नगण्य. प्रत्येक गटाच्या आतला फरक मात्र प्रचंड होता: काहींचे २५-३० किलो गेले, काहींचं वाढलं.

हिशोबनीस:
वरचं वाचून पॅकेज घ्यायचंच ठरलं, तर सही करण्याआधी सल्लागाराला हे लेखी विचारा. गेल्या वर्षी जितक्यांनी पैसे भरले त्या सगळ्यांची १२ महिन्यांनंतरची सरासरी किती? 'पूर्ण केलेल्यांची' नव्हे, सगळ्यांची. बहुतेक ठिकाणी उत्तर येणार नाही, आणि उत्तर न येणं हेसुद्धा उत्तरच आहे.
समजा १०० जणांनी पैसे भरले. ४० टिकले, त्यांचे ८-८ किलो गेले. ६० मध्येच सुटले, त्यांचा एकेक किलो गेला. जाहिरात '८ किलो' म्हणेल. सगळ्यांची सरासरी ३.८ येते.
खर्चाचा भागाकारही असाच करायचा. एकूण खर्चात नोंदणी, शेक, 'मेंटेनन्स टप्पा', जायचा-यायचा खर्च सगळं धरा. शेकमुळे वाचलेलं जेवण वजा करा. भागायचं ते बाराव्या महिन्याच्या किलोंनी, बाराव्या आठवड्याच्या नाही. आणि त्या किलोंतून फुकटात गेले असते ते आधी काढा: वरच्या चाचणीतले पुस्तिकेचे ३.२६.
करारात बघायच्या जागा: आपोआप नूतनीकरण कोणत्या तारखेला होतं, रद्द करायला ॲपमध्ये बटण आहे की फोनच करावा लागतो, आजारपणात सदस्यत्व थांबवता येतं का, आणि 'गॅरंटी'ची अट काय. गॅरंटी बहुधा 'सर्व सेशन्सना हजर, रोजची नोंद पूर्ण, शेक आमच्याकडूनच' अशी असते. एक दिवस बुडला की गॅरंटी गेली.
वर्षाचे पैसे एकदम? नको. २०१५ मध्ये अशा व्यावसायिक कार्यक्रमांवरच्या ४५ अभ्यासांचा एक आढावा आला, त्यात बारा महिन्यांवर ठळक दिसलेल्यांत जेनी क्रेग या कंपनीचा कार्यक्रम होता, तुलनेच्या गटापेक्षा निदान ४.९ टक्के जास्त घट. ती कंपनी २०२३ मध्ये बंद पडली. चांगला कार्यक्रम आणि चालणारी कंपनी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महिन्याच्या महिन्याला भरा, सूट गेली तरी चालेल.

काठावरचा:
फारच उपयोगी. एक राहून गेलं: मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड आणि रक्तदाबाची एक गोळी चालू आहे. सल्लागार म्हणाला, काही फरक पडत नाही.

नाडीपरीक्षा:
थांबा. हे पहिल्याच ओळीत यायला हवं होतं, आणि 'फरक पडत नाही' म्हणणाऱ्याकडून शेक घेऊ नका.
ग्लिमेपिराइड साखर कमी आहे की जास्त ते न बघता स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. खाणं निम्म्यावर आलं आणि गोळी तेवढीच राहिली तर साखर खाली जाणार. घाम, थरथर, धडधड, अचानक चिडचिड जाणवली तर लगेच मोजा. ७० (मिग्रॅ/डेसिलिटर) च्या खाली असेल तर १५ ग्रॅम साखर पाण्यात घालून घ्या, १५ मिनिटांनी परत मोजा. रक्तदाबाचंही तसंच: वजन उतरताना दाब उतरतो, गोळी तीच राहते, आणि उठून उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते.
शेक वाईट आहेत असं मात्र नाही. डायरेक्ट या ब्रिटिश चाचणीत रोज ८२५ ते ८५३ कॅलरींचे शेक-सूप ३ ते ५ महिने देऊन वर्षाअखेरीस ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधांशिवाय काबूत आला, तुलनेच्या गटात ४ टक्के. पण तिथे मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी ठरवून थांबवल्या होत्या, पुढची तपासणी दवाखान्यात होती, आणि इन्सुलिन घेणारे चाचणीत नव्हतेच. स्वतःहून गोळी थांबवायची नाही. पॅकेजचा दैनिक आराखडा कागदावर घेऊन डॉक्टरांकडे जा, गोळ्यांचा डोस पॅकेज सुरू करण्याआधी ठरतो.
आठवड्याला दीड किलोपेक्षा वेगाने वजन उतरलं की पित्तखड्यांचा धोका वाढतो. आहारात स्निग्ध पदार्थ जवळजवळ नसले तर पित्ताशय नीट आकुंचन पावत नाही, पित्त साचतं. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येऊन उजव्या खांद्याकडे गेली तर 'डिटॉक्स होतंय' यावर विश्वास ठेवू नका.
हल्ली काही कार्यक्रम इंजेक्शनही जोडून विकतात. सेमाग्लुटाइडने स्टेप-१ चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन गेलं, नुसत्या सल्ल्यावर २.४. बंद केल्यावर वर्षभरात गेलेल्यातलं दोन-तृतीयांश परत आलं. ते औषध आहे, डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच. मधुमेह असल्याने हा विषय तुमच्या डॉक्टरांशी बोलण्यासारखा आहे, विक्रेत्याशी नाही.

काटेकोर:
सगळ्यांशी सहमत. भर एवढीच की पॅकेज घेण्याआधी चार आठवडे स्वतःची चाचणी घ्या. औषधांचं बोलणं झाल्यावर, अर्थातच.
लागेल काय? एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा आणि वही. वजन रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी. रोजच्या आकड्याकडे बघायचं नाही, सात दिवसांची सरासरी काढायची, कारण मीठ जास्त झालं तरी दुसऱ्या दिवशी किलोभर वर दिसतं.
नोंदीत सगळ्यात मोठी चोरी तेलाची असते. चमच्याने मोजत बसू नका. स्वयंपाकाआधी बाटली काट्यावर ठेवा, नंतर परत ठेवा. ८१२ वरून ७७८ वर आली तर ३४ ग्रॅम, गुणिले ९, म्हणजे ३०६ कॅलरी. ते जेवणाऱ्यांत वाटा. धान्य कच्चं तोलायचं की शिजवलेलं हे पहिल्या दिवशी ठरवा आणि बदलू नका. पाणी शोषून वजन अडीचपट झालेलं धान्य कच्च्याच्या रकान्यात लिहिलं की सगळा हिशोब बोंबलतो.
तूट ५०० च्या आसपास ठेवा. प्रथिनं किलोमागे १.२ ग्रॅमच्या आसपास, तुमच्यासाठी ११० (मूत्रपिंडाचे रिपोर्ट डॉक्टरांना दाखवून). आठवड्यातून दोनदा वजनं उचलण्याचा व्यायाम, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातात.
२८ दिवसांपैकी २५ दिवसांची नोंद पूर्ण असेल, तर पॅकेजमधला महागातला भाग तुमच्याकडे आधीच आहे. १२-१५ दिवसच भरले तर तुम्हाला कोणीतरी विचारणारं हवं, आणि तेवढ्यालाच पैसे द्या: ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, तोच माणूस. अमेरिकेतल्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत सहा महिन्यांत किमान १४ प्रत्यक्ष भेटी म्हटल्या आहेत. स्वतंत्र आहारतज्ज्ञाकडे तेवढ्या भेटींचा खर्च काढून पॅकेजशेजारी मांडा.

काठावरचा:
आणि ते फुकटचं मशीन?

आकडेमोड:
आवळा देऊन कोहळा काढायची सोय. तळव्यांतून बारीकसा विद्युतप्रवाह सोडतात, अडथळा मोजतात, बाकी चरबीचा टक्का सूत्राने काढलेला अंदाज. पाण्यातून प्रवाह सहज जातो, म्हणून शरीरात पाणी किती यावर आकडा हलतो. सुरुवातीची तपासणी एका परिस्थितीत आणि शेवटची दुसऱ्या परिस्थितीत केली तर दोन-तीन टक्के 'चरबी' फुकटात उतरते.
घरी टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास नेहमीसारखा सोडून झाल्यावर, पोट न ओढता. दोनदा मोजा, फरक एक सेंमीपेक्षा जास्त आला तर परत.

काठावरचा:
ठीक. वर्षाचं पॅकेज रद्द. सोमवारी डॉक्टरांकडे, त्यानंतर २८ दिवसांची वही. किती दिवस भरले ते इथेच लिहितो.