भाजलेल्या हाताला भरपाई, मग उडालेल्या झोपेला का नाही?

सुलू_लालबाग : नवरा फायरमन. केंद्र कुठलं ते विचारू नका. मे २०२४ मध्ये घाटकोपरला पंपावर होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली, तिथे होता. खाली माणसं आणि पेट्रोलमुळे गॅस कटर लावायचीही भीती. आता स्कूटरमध्ये पेट्रोल मीच भरून आणते. पंप दिसला की हा अलीकडेच उतरून चालायला लागतो. २०२५पर्यंत लागू असलेल्या १९२३च्या भरपाई कायद्यात धंद्यातल्या आजारांची यादी होती. शिशाची विषबाधा होती, सिलिकोसिस म्हणजे दगडाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार होता, मनाचा एकही आजार नव्हता. अपघात म्हणून मागावं तर तारीख हवी, जखम हवी. याच्या जखमेला कुठली तारीख घालू?

जुना_गडी : वहिनी, २९ वर्षं नोकरी झाली. २०१५ला काळबादेवीच्या गोकुळ निवास इमारतीच्या आगीत आमचे चार अधिकारी गेले. त्यानंतर कोण धड झोपलं? पण आगीची वर्दी आली की गाडीत बसायचो. याला पैसे जोडलेत की ज्याला नाइट नको त्याला झोप येईनाशी होईल. शिवाय कागदावर एकदा 'मानसिक' लागलं की बढतीपासून पोरीच्या लग्नापर्यंत तेच.

सुलू_लालबाग : काका, झोपला नाहीत हे तुम्हीच सांगताय.

काळाकोट : खोट्या पाठदुखीचे दावेही येतात, म्हणून पाठीची भरपाई कुणी बंद केली का? तपासणी कडक करा. आणि नोकरी जायची धास्ती असेल तर २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २० वाचा. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला काढता येत नाही, पदही उतरवता येत नाही. झेपेल ते काम द्यायचं, पगार तोच. मानसिक आजार त्यात धरलाय.

अँब्युलन्सवाला : सरकारी आस्थापनेला, साहेब. आम्ही कंत्राटी. रुळावरून उचलून आणतो, गाडी धुतो, पुढचा कॉल. आम्ही कुठल्या कलमात?

काळाकोट : त्या कलमात नाही. खरी भोकं तिथेच आहेत.

जुना_गडी : समुपदेशक आणा, माझी ना नाही. पण सगळ्यांना बसवा, अधिकाऱ्यासकट, प्रत्येक मोठ्या वर्दीनंतर. एकट्यालाच बोलावलंत तर मेसमध्ये त्याचं जगणं मुश्किल. आम्हीच केलंय ते, खोटं कशाला बोलू. पैशाचं मात्र पटत नाही.

सुलू_लालबाग : ओव्हरटाइम बंद झालाय, गोळ्या चालू आहेत. त्या कशातून आणू तेही सांगा.

जुना_गडी : रजा टाकलीय का त्याने?

सुलू_लालबाग : सोमवारची. ओपीडी आहे. कारण 'ताप' लिहिलंय.