टाउनशिपच्या तपासणीत घर नापास, क्लोजिंग (व्यवहार पूर्ण होण्याचा दिवस) तोंडावर – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

फिलाडेल्फियाच्या उपनगरातलं आमचं घर विकायला काढलंय. ऑफर आली, खरेदीदाराचं होम इन्स्पेक्शनही निभावलं आणि घोडं अडलं ते टाउनशिपच्या (स्थानिक प्रशासनाच्या) यू अँड ओ, म्हणजे घर राहायला-वापरायला योग्य असल्याच्या सर्टिफिकेटपाशी.

किरकोळ गोष्टी सोडा. सिंकजवळ जीएफसीआय (विजेचा धक्का टाळणारं सॉकेट) नाही, मागच्या पायऱ्यांना कठडा नाही, वॉटर हीटरच्या सेफ्टी व्हॉल्व्हचा पाइप जमिनीपासून सहा इंचांच्या आत यायला हवा, आमचा मध्येच संपतो. हे सगळं एका शनिवारी उरकेल. दुखणं आहे साइडवॉकचं, म्हणजे घरासमोरच्या फुटपाथचं. टाउनशिपनेच लावलेल्या मेपलच्या मुळांनी दोन स्लॅब उचललेत. इन्स्पेक्टरने टेप लावून फोटो काढला आणि म्हणाला, झाड आमचं, साइडवॉक तुमचा! वर तळघरातल्या खोलीचं परमिट सापडत नाही. आधीच्या मालकाने बांधलेली, आईबाबा आले की तिथेच झोपतात.

काँक्रीटवाला लवकरची तारीख देत नाही. एजंट म्हणते सगळं दुरुस्त करा, नवरा म्हणतो भाव कमी करून मोकळे होऊ. आहे त्या स्थितीत विकता येतं का?

उंबरठा: आम्ही एडिसनचे. न्यू जर्सीत स्मोक अलार्म, कार्बन मोनॉक्साइड अलार्म आणि स्वयंपाकघरापासून दहा फुटांत अग्निशामक यंत्र, एवढं राज्याचंच बंधन आहे. बाकी सीसीओ (तुमच्या यू अँड ओसारखं इकडचं सर्टिफिकेट) गावागणिक वेगळं, काही गावं मागतही नाहीत. त्यामुळे इकडचे सल्ले जपून घ्या.

पायरीवाला: तुमच्या पेनसिल्व्हेनियात २०१६ च्या अ‍ॅक्ट १३३ नंतर चित्र बरंच सुधारलंय. घर राहण्यालायकच नाही अशी गंभीर त्रुटी नसेल, तर टाउनशिपला तात्पुरतं सर्टिफिकेट द्यावं लागतं. खरेदीदार राहायला येतो आणि बारा महिन्यांत दुरुस्त्या करतो. उचललेला साइडवॉक म्हणजे गंभीर त्रुटी नव्हे. लेखी अर्ज करा, काउंटरवर हुज्जत नको. मात्र दुरुस्तीची जबाबदारी खरेदीदाराने घेतली हे करारात यायला हवं. पैसे एस्क्रोत (तिसऱ्याकडे ठेव म्हणून) ठेवणार असाल तर किती, कोण सोडणार आणि कधी, हेही लिहून घ्या.

तळघराचं वेगळं. बेडरूम म्हणायची तर बाहेर पडता येईल अशी खिडकी लागते, तिचा उंबरा खोलीच्या जमिनीपासून ४४ इंचांपेक्षा वर चालत नाही. तशी नसेल तर जाहिरातीतून बेडरूम हा शब्द काढा. पलंग हलवून ऑफिस म्हणायची शक्कल लोक सांगतील, पण परमिटचा प्रश्न त्याने सुटत नाही. मागाहून परमिट काढताना वायरिंग बघायला भिंतीवरचं ड्रायवॉल उघडायला लावतात, तेव्हा आधी इलेक्ट्रिशियनला विचारा.

धागाकर्ती: खूप आभार! एक सांगायचं राहिलं, खरेदीदाराचं कर्ज एफएचएचं (सरकारी हमीचं) आहे.

पायरीवाला: मग आधी कर्जवाल्याला फोन. कायदा तात्पुरत्या सर्टिफिकेटवर भागवेल, पण सुरक्षिततेच्या गोष्टी एफएचएचा अप्रेझर (घराची किंमत ठरवणारा) क्लोजिंगआधी करायला लावू शकतो. कठडा आणि जीएफसीआय आजच उरका. आणि सौदा फिसकटलाच, तर हे सगळं पुढच्या खरेदीदाराच्या डिस्क्लोजरमध्ये (घरातल्या दोषांच्या माहितीपत्रात) लिहावं लागेल. म्हणून हाच धरून ठेवा.

उंबरठा: काँक्रीटवाल्यापेक्षा स्लॅब घासून देणारा बघा. स्लॅबच्या उंचीतला फरक थोडा असेल तर काही टाउनशिपना चालतं. फोटो टाका ना इथे.