खाजन, खाजण आणि खारजमीन

डिचोलीहून :
बाणावलीचं 'गोवा चित्र' पाहून आल्यापासून एका शब्दावर अडलो आहे. शाळेतल्या मुलांना तिथे न्यायचं आहे आणि त्याआधी त्यांच्या हातात मराठीत चार पानांची माहिती द्यायची आहे. व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी गावोगावची अडगळीत पडलेली अवजारं जमवून 2009 साली हे संग्रहालय उघडलं. आज तिथे 4,000 हून अधिक वस्तू आहेत. नांगर, जू, मापं, बैलगाड्या यांच्याबद्दल मराठीत लिहिताना काही अडत नाही. पण ही अवजारं ज्या जमिनीत चालली, त्या गोव्यातल्या, खाडीकाठी बांध घालून राखलेल्या 'खाजन' जमिनीला काय म्हणू? कुठे 'खारजमीन' वाचलं, कुठे 'खारफुटीची जमीन'. दुसरं मला पटत नाही, कारण खारफुटी म्हणजे झाडं. पहिलं चालेल का?

अलिबागहून :
थोडं थांबा, कारण आमच्याकडे हाच शब्द वेगळ्या अर्थाने चालतो. आमचं 'खाजण' म्हणजे खाडीकाठची चिखलाची जागा. भरतीचं पाणी येतं-जातं, तिवरं म्हणजे खारफुटीची झाडं वाढतात, पीक काही नाही. त्याच जागेला बांध घालून समुद्र बाहेर ठेवला आणि आत भात लावला की ती 'खार' किंवा 'खारजमीन' होते. सरकारी भाषेतही तेच, महाराष्ट्राचा 1979 चा कायदा अशाच खारजमिनींच्या विकासाचा. म्हणजे तुमचं खाजन ते आमची खार, आणि आमचं खाजण ही तिच्याआधीची अवस्था. रायगडचा वाचक तुमचं पान वाचून तिवरांचा चिखलच डोळ्यांपुढे आणेल.

डिचोलीहून :
हे फार मोलाचं सांगितलंत. मग 'खारजमीन' लिहून मोकळं व्हावं, असं वाटतं.

चोडणहून :
नको, अशी माझी कळकळीची विनंती. आमचं बेटच खाजनांवर जगलं. 'खारजमीन' म्हटलं की खारट, नापीक जमीन एवढंच मुलांच्या मनात येईल. खाजन ही नुसती जमीन नाही, ती बांध, मानस आणि पोंय मिळून झालेली पूर्ण व्यवस्था आहे. मातीचा बांध नदीचं खारं पाणी अडवतो. बांधात बसवलेली मानस म्हणजे लाकडी झडपांचं दार. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने झडपा मिटतात, ओहोटी लागली की आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. दोर ओढायला माणूस लागत नाही. पोंय म्हणजे शेतातलं पाणी या दारापर्यंत आणणारा, खोल, रुंद ओहोळ. मासळीही त्यातच राहते. पावसाळ्यात पाऊस मातीतलं मीठ धुऊन काढतो, तेव्हा कोरगुटासारखं खारं सोसणारं भात लावतात. भात कापल्यावर खारं पाणी आत घेऊन मासळी, कोळंबी वाढवतात. मानशीवर मासळी पकडण्याच्या हक्काची पावणी होते, म्हणजे जाहीर बोली लागते.

या पावणीतूनच एक भांडण उभं राहिलं आहे आणि मुलांना तेही कळायला हवं. बोली जिंकणाऱ्याला मासळी हवी, म्हणून तो मानस जास्त वेळ उघडी ठेवू पाहतो. खारं पाणी वाढलं की भाताचं शेत जातं. पूर्वी बांध आणि मानस गांवकारी, म्हणजे गावाची सामाईक संस्था, सांभाळायची. गांवकारीच्या रूढी 1526 च्या फोरलमध्ये, म्हणजे रूढींच्या सनदेत, पोर्तुगीजांनी नोंदवूनही ठेवल्या. 1964 च्या कूळ कायद्यानंतर ती जबाबदारी कुळांच्या संघटनांवर आली आणि बऱ्याच ठिकाणी बांधाकडे दुर्लक्ष झालं. बांध फुटला की एका घराचं नाही, सगळ्या वाड्याचं शेत खारं होतं. हे सगळं 'खारजमीन' या एका शब्दात कुठे बसणार?

अलिबागहून :
आमच्याकडे मानशीला 'उघाडी' म्हणतात, काम तेच. तुमच्या पानात 'मानस' लिहाल तेव्हा 'दार' हा शब्द लगेच जोडा. प्रमाण मराठीत 'मानस' म्हणजे मन, आणि मुलं 'मानशीची पावणी' वाचून भलत्याच दिशेला जातील.

सावंतवाडीहून :
आणखी दोन शब्द. 'वायंगण' बदलू नका. आमच्या आणि तुमच्या मुलांना ते घरातच ऐकू येतं. 'रब्बी भात' म्हटलं तर हंगाम कळतो, पण ओहळ-तळ्याच्या पाण्यावर घेतलेलं दुसरं भात हे त्यातून निसटतं. तुमच्या 'सोरदा'पुढे मात्र 'पावसाळी पीक' लिहा, देशावरून आलेल्या मुलांना तो शब्द लागणार नाही. आणि मापांपुढे गावाचं नाव हवंच. गोव्यात वीस कुडवांची खंडी, देशावर वीस मणांची. नाव तेच, माप वेगळं.

डिचोलीहून :
ठरलं. पानावर असं जाईल : 'खाजन – नदी किंवा खाडीच्या काठी बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेती, यात पावसाळ्यात भात आणि नंतर मासळी घेतात. कोकणात इतरत्र अशा जमिनीला खार म्हणतात; तिथलं खाजण वेगळं.' मानस, पोंय, पावणी हे तीनही शब्द तसेच ठेवतो, प्रत्येकापुढे एक ओळ अर्थ आणि मानशीपुढे 'दार'. चोडणच्या मंडळींना विचारतो : पोंय पुल्लिंगी की स्त्रीलिंगी? तुमच्याकडे बोलताना जे चालतं तेच छापीन.