वस्तऱ्याचा गंज: मूठही बघा
वस्तऱ्याचा गंज काढायला लिंबू-मीठ लावून रात्रभर ठेवा, असा सल्ला इथे कुणीतरी दिलाय. तो तांब्याच्या घंगाळाला ठीक, वस्तऱ्याला नको. आम्ल गंजाबरोबर पोलादही खातं. शिवणयंत्राचं तेल मुरू द्यावं, मग मऊ कापडावर थोडं ब्रासो (धातूचं पॉलिश) घेऊन पुसावं, कण्याकडून म्हणजे पात्याच्या जाड पाठीकडून धारेकडे. उलटं पुसाल तर बोट गेलंच!

मुठीबद्दल मात्र कुणी बोललं नाही. आमच्या दांडिया बाजारच्या घरात आजोबांचा झोलिंगेनचा (जर्मनीतलं सुऱ्या-वस्तऱ्यांचं गाव) वस्तरा आहे. बडोद्याच्या पावसाळ्यात गंज चढणारच, पण याला भर उन्हाळ्यातही चढतो, तोही मुठीत मिटून राहणाऱ्या भागावरच. कारण मूठ सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या प्रकारच्या प्लॅस्टिकची. जुनं सेल्युलॉइड कुजू लागलं की आम्लधर्मी वायू सोडतं. वास घ्या, कापरासारखा उग्र येतो. अशा मुठीला ॲसिटोन लावू नका, विरघळते. आणि वस्तरा बंद डबीत न ठेवता उघडा, हवेशीर ठेवा. शिंगाच्या मुठीला ही भानगड नाही.